खोल समुद्रात गरवायला जायचंय? अंदमानच्या फिशिंग चार्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की "अंदमानला फिशिंग ट्रिप करायचीय, जरा सांग ना" असे मेसेज सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. मी ऑपरेटर नाही, कुणाची जाहिरात करत नाही, गळाने मासे पकडायची मनापासून आवड असलेला माणूस आहे एवढंच. चांगलं काय आणि त्रासाचं काय, दोन्ही लिहिलंय, कारण नुसते मोठ्या माशांचे फोटो बघून पैसे भरलेले लोक नंतर खूप नाराज होतात आणि त्यात खरं तर समुद्राचाही दोष नसतो.

फिशिंग चार्टर म्हणजे नक्की काय?

अख्खी बोट तुमच्यासाठी भाड्याने. बरोबर कॅप्टन, एक-दोन खलाशी आणि बहुतेक वेळा एक गाईड. मासेमारीच्या बोटीवर पाहुणा म्हणून जाणं वेगळं, तिथे जाळी असतात आणि खलाशांचं काम चाललेलं असतं. इथे रॉड तुमच्या हातात, मासा तुम्हीच ओढायचा, आणि बहुतेक मोठे मासे फोटो काढून परत पाण्यात सोडायचे. बोट साधारण २५ ते ३० फुटांची, मागे दोन आउटबोर्ड इंजिनं, डोक्यावर छोटं छप्पर. एसी केबिन वगैरे डोक्यातून काढून टाका, दिवसभर ऊन, वारा आणि खारं पाणी.

आपल्याकडे एवढा मोठा कोकण किनारा असताना अंदमान कशाला?

खोली. महाराष्ट्राच्या समोर समुद्राचा तळ खूप लांबपर्यंत उथळ आहे, मुंबईसमोर तर ही उथळ पट्टी तीनशे किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे खरं खोल निळं पाणी गाठायचं तर एका दिवसाच्या ट्रिपमध्ये शक्यच नाही. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्रेंच्या नावाची, पाण्याखालचं पठार आणि त्यावर प्रवाळ, पण तिकडे जाणं म्हणजे मोठी मोहीम आहे, वीकेंडची ट्रिप नाही.

अंदमानला उलट आहे. ती बेटं म्हणजे पाण्यात बुडालेल्या डोंगररांगेची शिखरं, त्यामुळे किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की कडा तुटल्यासारखा तळ खाली जातो. या कड्याला पाण्याचा जोराचा प्रवाह येऊन आपटतो, प्रवाहाबरोबर बारीक मासे येतात आणि त्यांच्या मागे मोठे शिकारी. हे सगळं जेटीपासून तास-दीड तासावर. त्यातून आपल्याला व्हिसा नाही, जेवणाची-भाषेची अडचण नाही, हिंदीत सगळं भागतं.

कुठल्या महिन्यात जावं?

डिसेंबरचा शेवट ते एप्रिलचा पहिला पंधरवडा. त्यातही फेब्रुवारी-मार्च मला सगळ्यात भरवशाचे वाटतात, समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वस्त डील दिसतात पण तेव्हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा मोसम असतो आणि ईशान्येचा वारा पण चालू होतो, त्यामुळे हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसायची तयारी ठेवूनच ते बुकिंग करा. मे ते सप्टेंबर विषयच नको.

अजून एक, पूर्व किनारा आणि अंदमानसाठी मासेमारी बंदीचा काळ १५ एप्रिल ते १४ जून असतो (आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून). तुमच्या तारखा त्याच्या जवळ येत असतील तर बोट निघणार का, हे ऑपरेटरकडून लेखी घ्या.

तारीख ठरवताना कॅलेंडरबरोबर पंचांग पण बघा, हे मी सगळ्यांना सांगतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाचं पाणी असतं, प्रवाह जोरात, आणि पृष्ठभागावर शिकार करणारे मासे तेव्हा जास्त आक्रमक असतात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी मंद, तेव्हा खोलवर जिग (झटके देत वर ओढायचा धातूचा नकली मासा) टाकायला सोपं जातं कारण प्रवाह लाईन वाहवून नेत नाही. कोकणातल्या कुठल्याही गरवणाऱ्या म्हाताऱ्याला हे पाठ असतं, तिकडचे कॅप्टन पण याच हिशोबाने जागा निवडतात.

कुठले मासे मिळतात?

सगळ्यांना हवा असतो तो जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली. आपल्याकडे कोकर म्हणतात त्या घराण्यातला, पण हा माणसाएवढा वाढतो. गळाने पकडलेल्या जीटीचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा आहे, जपानमध्ये २००६ साली. अंदमानमध्ये १५ ते ३० किलोचा लागला तरी आयुष्यभर आठवण राहते, आणि त्याहून मोठे पण तिथे आहेत. शिवाय डॉगटूथ ट्यूना, पिवळ्या पराचा कुपा, सुरमईचा मोठा भाऊ म्हणावा असा वाहू, बाराकुडा, सेलफिश, माही-माही. तळाशी हेकरू आणि तांबोशीच्या जातीतले कितीतरी रंगीत मासे, ज्यांची मराठी नावं मला तरी माहीत नाहीत.

एवढे पैसे भरून मासा लागेलच ना? गॅरंटी असते का?

नाही. आणि जो ऑपरेटर गॅरंटी देतो त्याच्याकडे जाऊ नका.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सांगतो. मोठा मासा मिळण्यासाठी बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. प्रवाह हवा, पण तो वाऱ्याच्या अगदी उलट नको, नाहीतर लाटा उभ्या राहतात आणि बोट त्या जागेवर धरताच येत नाही. बारीक मासे हवेत. कधी खालचं थंड पाणी वर येतं आणि रीफवरचे, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवरचे, मासे एकदम गप्प बसतात, कालपर्यंत चालणारी जागा आज मेल्यासारखी. कधी आदल्या दिवशीच दुसरी बोट तिथे तीन तास पॉपर (पाण्यावर आवाज करत ओढायचा नकली मासा) मारून गेलेली असते. या सगळ्यावर कॅप्टनचा काही कंट्रोल नसतो, तो फक्त जागा बदलू शकतो आणि चांगला कॅप्टन ते करत राहतो.

त्यामुळे एक दिवसाची ट्रिप म्हणजे पूर्ण नशिबाचा खेळ. सलग तीन-चार दिवस घेतले तर एक दिवस वाईट, दोन दिवस बरे आणि एखादा दिवस असा की संध्याकाळी हात उचलत नाहीत, असा साधारण अनुभव असतो. बजेट कमी असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दरवर्षी एक दिवस जाण्यापेक्षा दोन-तीन वर्षं पैसे साठवा आणि एकदाच चार दिवस जा.

आणि मासा लागला म्हणजे बोटीत आला असं पण नाही. जीटीला गळ टोचला की तो सरळ खाली खडकाकडे धावतो, पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत तुम्ही त्याला थांबवलं नाही तर लाईन प्रवाळावर घासून तुटते. नवख्या माणसाकडून पहिले एक-दोन मासे असेच जातात, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

खर्च एवढा का असतो? बोटवाले लुटतात का?

बहुतेक नाही. दोन मोठी इंजिनं जोरात चालली की तासाला पन्नास-साठ लिटर पेट्रोल सहज जातं. खारं पाणी इंजिन, वायरिंग, रील सगळं खातं. स्पेअर पार्ट चेन्नई नाहीतर कोलकात्याहून मागवावे लागतात, आणि ते येईपर्यंत बोट बंद. सीझन जेमतेम चार-पाच महिन्यांचा, बाकीचे महिने कमाई नाही पण खलाशांचं घर चालवायचं असतं. हे लक्षात घेतलं की रेट ऐकून राग येत नाही.

रेट बोटीचा असतो, माणशी नाही. तीन किंवा चार जणांत वाटला की आवाक्यात येतो. पॉपिंग करायचं असेल तर मात्र तीनच जण ठेवा, चौथा माणूस बोटीवर अडचण होतो कारण एका वेळी दोघांनाच मोकळेपणाने फेकता येतं.

पैसे भरायच्या आधी विचारून घ्यायचं ते असं: पेट्रोल धरलंय का आणि लांबच्या जागेला जास्तीचे पैसे आहेत का, रॉड-रील भाड्याने आहेत की फुकट, ल्युअर, म्हणजे गळ लावलेला नकली मासा, हरवला तर कुणाच्या खिशातून (एक चांगला पॉपर दोन-तीन हजारांच्या पुढे जातो, दिवसात तीन गेले तर हिशोब बिघडतो), जेवण-पाणी, हॉटेल ते जेटी गाडी, आणि आठ तास म्हणजे जेटी सोडल्यापासून की पहिली लाईन टाकल्यापासून. शेवटच्या मुद्द्यावरून फार भांडणं होतात. खलाशांना टीप द्या, मनापासून द्या, दिवसभर ते तुमच्यासाठी राबतात.

चांगला ऑपरेटर ओळखायचा कसा?

इन्स्टावरचे फोटो बाजूला ठेवा. फोटो पाच वर्षांपूर्वीचे असू शकतात आणि मासा पण कुठल्या दुसऱ्या बोटीवरचा असू शकतो. फोन करा, आणि मासे सोडून बोटीबद्दल विचारा. बोटीचं रजिस्ट्रेशन आणि परवाने दाखवा म्हणा. दोन इंजिनं आहेत का? एक बंद पडलं तर दुसऱ्यावर परत येता येतं, एकच असेल तर मी जाणार नाही. व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का, कारण बेटाच्या मागे गेलं की मोबाईलला रेंज नसते. प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, फर्स्ट एड, गळ कापायची मोठी पक्कड आहे का? ही पक्कड नसलेली बोट म्हणजे त्या माणसाने कधी हातात रुतलेला गळ बघितलेला नाही.

मग शेवटी विचारा, "गेल्या सीझनला हवेमुळे किती वेळा ट्रिप रद्द केली?" जो म्हणेल "आम्ही कधीच कॅन्सल करत नाही", त्याला नमस्कार करून फोन ठेवा. जो म्हणेल "अमुक वेळा केली, दोन वेळा अर्ध्यातून परत आणली", तोच तुमचा माणूस. माझ्या दृष्टीने सगळ्या चौकशीचं सार इथे आहे. मासे दाखवणारे कॅप्टन खूप आहेत, पण पैसे भरलेल्या गिऱ्हाईकाच्या तोंडावर "आज नाही जायचं" म्हणणारा कॅप्टन मिळाला तर त्याला सोडू नका, पुढच्या वर्षी पण त्याच्याकडेच जा.

हवा खराब झाली तर पैसे परत मिळतात का?

ऑपरेटरवर अवलंबून. बरेच जण दुसरी तारीख देतात, काही जण अर्धे पैसे परत देतात, काही काहीच देत नाहीत. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. अर्ध्या दिवसात परत यावं लागलं तर काय, हे पण लिहून घ्या कारण तिथेच जास्त वाद होतात. विमानाची तिकिटं काढताना एक दिवस मोकळा ठेवला की अर्धा ताण कमी.

अंदाज स्वतः पण बघत जा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज फुकट बघता येतो, शिवाय हवामान खात्याचे इशारे आणि विंडी ॲप. बघताना नुसती लाटेची उंची बघून घाबरू नका, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे ते बघा. दीड मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर बोट आरामात वर-खाली होते, तीच दीड मीटर पाच-सहा सेकंदांनी येत असेल तर हाडं खिळखिळी होतात. वारा सतत पंधरा नॉटच्या वर असेल तर छोट्या बोटीवर मजा येत नाही.

मला बस पण लागते, बोट लागेल का?

लागू शकते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. वर्षानुवर्षं समुद्रावर जाणाऱ्या लोकांना पण एखाद्या दिवशी लागते.

गोळी आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पोटात राहतच नाही. आदल्या रात्री एक आणि निघायच्या तासभर आधी एक असं बरेच जण करतात, पण कुठली गोळी आणि किती हे तुमच्या डॉक्टरला विचारा, कारण काही गोळ्यांनी खूप झोप येते आणि बीपी वगैरे असेल तर सगळ्या चालत नाहीत. घरीच एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा किती गुंगी येते.

आदल्या रात्री दारू नाही, तळलेलं नाही, झोप पूर्ण. सकाळी उपाशी पोटी जायचं नाही, इडली, टोस्ट, केळं असं काहीतरी हलकं. बोटीवर मागच्या बाजूला मध्यावर उभं राहायचं, नजर क्षितिजावर. मोबाईलमध्ये डोकं घातलं की गेलात. खाली वाकून गाठ मारत बसलं की पण गेलात, ते काम खलाशाला द्या. आल्याची वडी चघळत राहा, बऱ्याच जणांना फरक पडतो. डिझेल-पेट्रोलच्या वासापासून लांब. आणि मळमळतंय असं वाटलं की लगेच सांगा, लपवू नका, कॅप्टन बेटाच्या आडोशाला बोट नेऊ शकतो.

एवढं करूनही काही लोकांना दिवसभर त्रास होतो. म्हणून पहिला दिवस अर्ध्या दिवसाचा घ्या, म्हणजे कळेल.

पोहता येत नाही, चालेल का?

चालेल, पण जॅकेट अंगावर, पिशवीत नाही. उकडतं म्हणून काढायचं नाही. पोहता येणाऱ्यांनी पण घाला, कारण तिथला प्रवाह पोहून कापता येत नाही. कोस्ट गार्डचा मदतीचा नंबर १५५४ आहे, मोबाईलमध्ये सेव्ह करा, रेंज असेल तिथे उपयोगी पडतो.

दिवस कसा जातो?

पहाटे लवकर उठायचं. अंदमान मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला आहे पण घड्याळ तेच, त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास तरी आधी उगवतो आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधारतं. उजाडायच्या सुमाराला जेटी सोडायची, तास-दीड तास प्रवास, जाताना मागे ट्रोलिंगला दोन-चार लाईन सोडलेल्या असतात. पहिल्या जागेवर पोचलं की पॉपर. सकाळचे पहिले दोन तास सोन्याचे. दुपारी बारा ते दोन मासा आणि माणूस दोघंही मंद, तेव्हा बेटाच्या सावलीत जेवण, नाहीतर खोलवर जिगिंग. मग प्रवाह फिरला की परत पॉपर, आणि अंधाराच्या आत जेटी.

मधले कितीतरी तास काहीच घडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फेकायचं, ओढायचं, फेकायचं, ओढायचं. ज्यांना हे तास कंटाळवाणे वाटतात त्यांना ही ट्रिप आवडत नाही, मग मासा कितीही मोठा लागो. पण एकदा पाण्यावर पक्षी फिरताना दिसले, खाली पाणी उकळतंय असं दिसायला लागलं आणि कॅप्टनने बोट तिकडे वळवली की सगळ्यांचे आवाज बदलतात, आणि पॉपरच्या मागे पाण्यातून ते काळं डोकं वर येतं तो क्षण ज्याने बघितला तो माणूस परत जातोच.

पॉपिंग, जिगिंग, ट्रोलिंग, मी नवखा आहे, काय करू?

ट्रोलिंग सगळ्यात सोपं, बोट सहा-आठ नॉटने चालते, ल्युअर मागे पळतात, मासा लागला की रॉड उचलायचा. मुलं, वयस्कर लोक, नवखे सगळ्यांसाठी. वाहू, बाराकुडा, कुपा यात मिळतात.

जिगिंग म्हणजे दोनशे-तीनशे ग्रॅमचा लोखंडी किंवा शिशाचा मासा तळाला सोडायचा आणि झटके देत वर आणायचा. शिकायला सोपं, अंग मोडणारं. डॉगटूथ यात लागतो.

पॉपिंग म्हणजे दीडशे ग्रॅमचा लाकडी ल्युअर लांब फेकून पाण्यावर खळखळ आवाज करत आणायचा, शंभर-दीडशे वेळा, हेवी रॉडने. यात सगळ्यात जास्त थरार आणि सगळ्यात जास्त दमणूक. जायच्या महिनाभर आधी मोकळ्या मैदानात किंवा एखाद्या जेटीवर गळ काढून फेकायचा सराव करा. दोरीच्या गाठी पण, त्यातली दोन लाईन जोडायची एफजी गाठ, घरी टीव्हीसमोर बसून येईपर्यंत करा. मागे माणूस आहे का ते बघितल्याशिवाय फेकायचं नाही, हा नियम बोटीवर कुणी मोडला तर मी सरळ बोलतो, वयाचा मुलाहिजा न ठेवता, कारण जाड गळ डोळ्यात गेले तर त्याला उपाय नाही. चष्मा घालाच.

स्वतःचं सामान न्यावं का?

पहिल्या वेळी नको. जीटीसाठी लागणारं रील एकट्यालाच पन्नास हजारांच्या वर जातं, चांगल्या जपानी कंपनीचं लाखाच्या पुढे. बोटीवर भाड्याने घ्या, आवड टिकली तर मग बघा. मात्र भाड्याच्या रीलची लाईन निघायच्या आधी बघून घ्या, पहिले वीस-तीस मीटर बोटांतून ओढून, कुठे खरखरीत लागलं तर कापून नवी गाठ मारायला सांगा. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, वजनकाट्याने मोजून सेट करा, लाईनच्या ताकदीच्या एक तृतीयांश हा हिशोब, पीई ८ (हे लाईनच्या जाडीचं माप) लाईनला बारा-पंधरा किलो होतो पण नवख्याने आठ-दहापासून सुरू करावं, नाहीतर माणूसच ओढला जातो.

स्वतःचं न्यायचं ते कपडे. पूर्ण बाह्यांचा सुती किंवा ड्राय-फिट शर्ट, मान झाकणारा बफ, टोपी, पोलराइज्ड चष्मा, पातळ हातमोजे, न घसरणारे सँडल, भरपूर पाणी. गळ आणि ल्युअर विमानात केबिन बॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्ये टाका.

पाठदुखी, हार्निया, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरला स्पष्ट विचारूनच जा. मोठा मासा कंबरेवर किती भार टाकतो हे बघितल्याशिवाय कळत नाही.

एवढा मोठा मासा पकडून सोडून का द्यायचा? आपण तर मासे खाणारी माणसं.

मी पण खातो, आणि सोडतो पण. जीटी वयात यायला तीन-चार वर्षं लागतात आणि मोठा होऊन वीस वर्षं पण जगतो. त्या रीफवर मोठे जीटी फार थोडे असतात. प्रत्येक ग्रुपने एक-एक मारला तर दोन सीझनमध्ये ती जागा संपते, आणि मग तिथल्या बोटवाल्याचं पोटही संपतं. एक जिवंत मासा वर्षानुवर्षं कितीतरी माणसांना तिकडे खेचून आणतो.

अजून एक कारण तब्येतीचं. प्रवाळावरचे मोठे शिकारी मासे खाल्ल्याने सिग्वाटेरा नावाची विषबाधा होऊ शकते, सूक्ष्म शेवाळातलं विष छोट्या माशांतून मोठ्यात साठत जातं, शिजवून किंवा गोठवून जात नाही. मोठा हेकरू आणि मोठा बाराकुडा मी म्हणूनच खात नाही.

सोडायचा तर नीट सोडा, नाहीतर त्याला काही अर्थ नाही. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवायचा. मासा आडवा धरायचा, एक हात शेपटीला, एक पोटाखाली, कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवायचा नाही. ओल्या हातांनी. फोटो आधी ठरवून ठेवायचा, मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाच्या वर नको. मग तोंड प्रवाहाकडे करून धरायचा, त्याने स्वतः शेपटी मारली की सोडायचा.

खोलातून वर ओढलेल्या हेकरूचं पोट फुगून तोंडातून बाहेर येतं, तो नुसता सोडला तर वर तरंगत मरतो. त्याला वजन लावून परत खाली नेऊन सोडायचं साधन मिळतं, ते बोटीवर आहे का विचारा. नसेल तर फार खोल तळावर गरवूच नका.

मग खायला काहीच नाही का?

आहे ना. वाहू, छोटा कुपा, माही-माही भरभर वाढणारे मासे आहेत, एखादा ठेवायला हरकत नाही, त्या दिवशी खाल तेवढाच. कुपा पकडल्यावर लगेच रक्त काढून बर्फात गाडायचा, उन्हात अर्धा दिवस पडला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि शिजवूनही अंगावर गांधी, डोकेदुखी, उलट्या होतात. संध्याकाळी हॉटेलवाल्याला सांगून वाहूच्या तुकड्या तव्यावर रवा लावून, त्याला तोड नाही. मसाला घरून न्या, हा माझा आग्रहाचा सल्ला.

मासा ओढत असताना शार्कने खाल्ला असं ऐकलं, खरं?

खरं आहे, अर्धं डोकं तेवढं हातात येतं. एकाच जागेवर दोन मासे असे गेले की कॅप्टनला जागा बदलायला सांगा, तिथे थांबून अजून मासे मारण्यात काही अर्थ नाही.

बॅरन आयलंडला जाता येतं का?

जाता येतं, परवानगी काढून. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, साधारण १३५-१४० किलोमीटर. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, बेटावर उतरता येत नाही. तळ दोन हजार मीटरच्या पुढे खोल आणि त्यातून हा डोंगर सरळ वर आलाय, त्यामुळे किनाऱ्याला चिकटूनच खोल पाणी आणि ट्यूना. पण लांबचा प्रवास, रात्र समुद्रावर, वाटेत आडोसा नाही, हवा बिघडली तर परत यायला तेवढाच वेळ. पहिल्या ट्रिपला अजिबात नको. आधी जवळची बेटं करा, बोट आणि कॅप्टन ओळखीचे होऊ द्या.

कुठे गरवायला बंदी आहे?

वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि रिची द्वीपसमूहातलं राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान, दोन्हीकडे नाही. आदिवासींसाठी राखीव भागाजवळ नाही, आणि नॉर्थ सेंटिनलच्या भोवती पाच सागरी मैलांच्या आत तर जायचंच नाही, कुणी "लांबून दाखवतो" म्हणाला तरी. तिथल्या माणसांना आपल्या साध्या सर्दीनेही धोका आहे, हा गंमतीचा विषय नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली जायंट ग्रुपर, व्हेल शार्क, काही जातींचे शार्क आणि पाकट, समुद्री कासवं, डुगाँग यांना संरक्षण आहे. चुकून गळाला लागलं तर पाण्यातच लाईन कापा, बोटीत ओढून फोटो नको.

घरच्यांना बरोबर न्यावं का?

अंदमानला न्या, चार्टरवर सगळ्यांना नको. आठ तास उन्हात, बोटीवर नीट टॉयलेट असेलच असं नाही, हे आधी विचारा. बायका पण खूप चांगल्या गरवतात, प्रश्न आवडीचा आहे. ज्यांना आवड नाही त्यांनी त्या दिवशी सेल्युलर जेल बघावं, सावरकरांची कोठडी बघायला आपल्याकडची माणसं जातातच, नाहीतर स्वराज द्वीपला स्नॉर्केलिंग. मुलांसाठी वेगळी अर्ध्या दिवसाची ट्रोलिंग ट्रिप घ्या.

बोटीवर बिअर चालते का?

नको. डोक्यावर ऊन, हातात धारदार गळ, खाली दोनशे मीटर पाणी.

अंदमानचं बजेट नाही, कोकणातच सुरुवात करायची तर?

जरूर करा, मी तर म्हणेन तेच आधी करा. मालवण, देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी, सगळीकडे गरवायला नेणारे होडीवाले आहेत. खडकांच्या आसपास हेकरू, तांबोशी, बाराकुडा, मोसमात सुरमई, आणि खाडीच्या तोंडाशी जिताडा. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळायला थोडे दिवस द्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. एका सकाळच्या ट्रिपला खर्च बेताचा येतो आणि बोट लागते का, उन्हात किती टिकता, रिकाम्या हाताने परत आल्यावर कसं वाटतं, हे सगळं तिथेच कळतं.

होडीवाल्याला आधी विचारा, कारण मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात कुठे चालतं कुठे नाही हे त्याला माहीत असतं. मच्छीमारांच्या टाकलेल्या जाळ्यांवरून लाईन नेऊ नका, त्यांचं जाळं तुटलं तर त्यांचा महिना जातो. आणि तांडेल म्हणाला की वारा फिरलाय, आता परत जाऊया, तर हातातली लाईन गुंडाळायला घ्या, अजून एकदा टाकून बघतो असं म्हणू नका.